गुलाबी गोळी आणि एक नंबर मोठी चप्पल

...आणि वर मलाच म्हणतात, "मित्रा, किती चिडतेस गं, डोकं दुखेल, एक गोळी घे!" मी? गोळी? अहो, जिने याच बिल्डिंगखाली घसा बसेपर्यंत ओरडून व्यसनमुक्तीचं पथनाट्य केलं, तिला गोळी? तुम्हाला सांगते, घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये समाज सुधारायचा म्हणजे... जाऊ दे, पहिल्यापासून ऐका.

कॉलेजचं पथनाट्य होतं. लेखन संघमित्रा, म्हणजे मीच, दिग्दर्शन संघमित्रा, आणि शेवटी काळी चादर पांघरून येणारा मृत्यू, तोही संघमित्राच, कारण बाकीच्यांना तेव्हाच प्रॅक्टिकल आलं! पोस्टरवर सुया, पांढरी पावडर, आणि कवट्या तर इतक्या की खालच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. पण टाळ्या! शेजारच्या वनमालाकाकूंनी तर पदराने डोळे पुसले. "बाई बाई, कसली ही पोरं, नशेपायी आयुष्याची वाट लावून घेतात! आपल्याकडे नाही हो असलं काही."

मी धन्य झाले. तेवढ्यात मागून नंदकुमारकाका, आमचे मालवणकडचे, कंबरेवर हात ठेवून म्हणतात, "गो मित्रा, नाटक बरा झाला, पण उभो रवान माझी कंबर गेली! वनमाला, तुझो डबो हाड गो!"

आणि डबा आला.

बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. तुमच्याकडे शेजारी वाटीभर साखर मागतात ना? आमच्याकडे गोळी मागतात. कुणाची उरली, टाक डब्यात. कुणाचं दुखलं, काढ डब्यातून. पट्ट्या कात्रीने कापून वाटलेल्या, म्हणजे औषधाचं नाव एकीच्या घरी आणि मुदतीची तारीख दुसरीच्या! ओळखायचं कशावरून? रंगावरून! मी विचारलं, "काकू, ही कसली गोळी?"

"गुलाबी."

"अहो, पण औषध कुठलं?"

"पाठीचं. गुडघ्यालाही चालते. अगं, साधीच तर आहे गोळी!"

साधीच तर आहे गोळी! ताप आला की अँटिबायोटिक दोन दिवस घ्यायचं, ताप उतरला की उरलेलं डब्यात, म्हणजे पुढच्या वेळी जंतूच हसणार आपल्याला! आमच्याच बिल्डिंगमधल्या नीलमने लग्नाआधी गोरं व्हायला कुठलंसं खाजेचं मलम तोंडाला चोपडलं, त्यात निघालं स्टेरॉइड. आता ती उन्हात गेली की चेहरा लालबुंद होतो, आणि सासू म्हणते, "लाजते गं बिचारी!" नंदकुमारकाकांची बायको वारली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना झोपेची गोळी दिली होती, पंधरा दिवसांपुरती. बायकोच्या फोटोचा हार किती वेळा बदलला, पण गोळी चालूच! हल्ली दूध गॅसवर ठेवून विसरतात, परवा बाथरूममध्ये पडले. आणि मी आवेशात म्हटलं, "काका, आजपासून बंद!" तर माझीच चूक. ती अशी एकदम बंद केली तर उलटं जिवावर बेततं, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. पण विचारायचं कोणी? "डॉक्टराक कित्या त्रास? साधीच तर आसा!"

आणि तुम्हाला सांगते, एवढं सगळं दिसत असताना मला माझ्या घरातलं दिसलं नाही.

माझी आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. दिवसभर उभी. गुडघे बोलणारच ना! तर सकाळी चहाबरोबर एक गुलाबी, संध्याकाळी घरी आल्यावर एक गुलाबी, कित्येक वर्षं, आणि तीही बऱ्याचदा उपाशीपोटी. एके दिवशी म्हणाली, "मित्रा, चप्पल आखूड निघाली बघ. फसवलं दुकानदाराने." मी म्हटलं, असेल. तिने एक नंबर मोठी आणली. थोड्या दिवसांनी तीही आखूड! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अरे यार, चप्पल कशी आखूड होईल? पाय वाढलाय! बोटाने दाबलं तर खड्डा, आणि खड्डा भरेचना!

ओढत नेली डॉक्टरांकडे. ते विचारतात, "रोज काही औषधं चालू आहेत?"

आई म्हणते, "छे छे, काही नाही."

मी म्हटलं, "आई! आणि ती गुलाबी?"

"ती होय? ते औषध कुठंय? साधीच तर आहे गोळी!"

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला ना, की समजायचं, बातमी वाईट! "किडनीवर ताण आलाय. गोळी आज बंद केलीत तर सावरेल. अशीच चालू ठेवलीत तर मशीनवर रक्त साफ करायला यावं लागेल." रिक्षात बसल्यावर आई हळूच म्हणाली, "तुझ्या नाटकात गुलाबी गोळी कुठं होती गं?"

कवट्या होत्या ना माझ्याकडे!

मग मी तो डबा उचलला. वनमालाकाकू मागे धावल्या, "अगं, माझा संसार आहे तो!" मी थेट औषधाच्या दुकानात, फार्मासिस्टच्या पुढ्यात ओतला. माणूस बघतच राहिला. "मॅडम, दुकान टाकताय?"

पण आईने ऐकलं हो! गुडघ्यांचा व्यायाम करते, कॅन्टीनमध्ये स्टूल मागून घेतलं, दर महिन्याला तपासणी. सूज उतरली. परवा तर जुनी चप्पल घालून टपटप चालत दाखवलं मला, मी दारातच रडले! आणि बिल्डिंगवर परिणाम? झाला ना! आता जिन्यात लोक मला अडवतात. "मित्रा, तुला सगळ्या गोळ्यांचं कळतं, मग माझ्या मानेला कुठला रंग?"

तरी म्हटलं, असू दे. एक तरी सुधारलं. आज सकाळी आईला विचारलं, त्या मोठ्या चपला कुठं गेल्या गं?

"वनमालाला दिल्या," आई म्हणते. "बिचारीला हल्ली स्वतःच्या आखूड पडतात."

चला, येते. खाली रिक्षा थांबवलीय, आणि काकू त्या मोठ्या चपला घालून पहिल्याच पायरीवर अडून बसल्यात... "डॉक्टर कशाला गं? साधीच तर चप्पल आहे!"