शुक्रवारचा पाहुणा

अरे, शुक्रवारी ठाण्याची वागळे इंडस्ट्रियल इस्टेट बंद असते हे त्या कुरियरवाल्याला कोण सांगणार? मला फोन करून पठ्ठ्या पार्सल घेऊन आमच्या तिथल्या लॅबच्या गेटवर उभा! चावी साहेबांकडे, साहेब गावाला. आतला बर्फ उद्यापर्यंत टिकणार होता, म्हणून तो थर्माकोलचा खोका मी शहाडला घरी आणला.

संध्याकाळी आईचा गावाहून फोन. तिचा रोजचाच प्रश्न, “आज कोणी आलं का रे घरी?”

मी वैतागून म्हटलं, “हो, आलंय ना!”

“कोण रे? चहा दिलास का?”

“अगं, माणसाच्या मेंदूतलं प्रोटीन आलंय.”

“अरे देवा! कुणाच्या मेंदूतलं?”

“कुणाच्याच नाही गं. संशोधनासाठी लॅबमध्ये तसंच बनवतात, बॅक्टेरियाकडून.”

ती हळूच म्हणाली, “म्हणजे आजपण कोणीच आलं नाही.”