आठ पुरे झाले होते

मी रत्नागिरीजवळच्या पावसच्या आतल्या अंगाचा, डोंगराकडच्या वाडीतला. आमच्याकडचे पुरुष मुंबईलाच जायचे, मीही अठराव्या वर्षी गेलो, गोदामात हमाली केली, आणि खोलीच्या खालीच व्यायामशाळा होती तिथे वजनं उचलायला शिकलो. वडील गेले तसा गावी आलो, शाळेत शिपाई म्हणून लागलो, आणि ब्याऐंशी साली आमच्या गवत भरायच्या मांगरात व्यायामशाळा काढली. व्यायामशाळा कसली, काय सांगू तुम्हाला, नळाचा जाड पाइप, आणि तेलाच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजनं, भाताच्या गिरणीतल्या काट्यावर तोलून आणलेली. पण संध्याकाळी दहा-बारा गडी जमायचे आणि मला मास्तर म्हणायचे, मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझी एक शिस्त होती. उचलणाऱ्याने मोजायचं नाही, मी मोजणार. बार जमिनीवरून उचलून डोक्यावर न्यायचा, कोपर ताठ झाले तरच आकडा पुढे. कोपर वाकलेले दिसले की मी तोच आकडा पुन्हा म्हणायचो, पाच, पाच, पाच, आणि बाकीचे हसायचे. दहा झाल्याशिवाय बार सोडायचा नाही. मला वाटायचं, माणसाला स्वतःची ताकद कळत नाही, ती बाहेरच्याने ओढून काढावी लागते. हे अगदीच खोटं आहे असंही नाही. सहाला थकलो म्हणणारा माणूस नऊ करतो, हे मी कितीदा पाहिलंय.

दत्ताराम माझ्याच वयाचा, शेजारच्या घरातला. चिऱ्याच्या खाणीवर ट्रक भरायचा, जांभ्याचे ते चिरे दिवसभर डोक्यावरून न्यायचा, आणि संध्याकाळी मांगरात हजर. त्याची बायको विचारायची, दिवसभर दगड उचलून पुरत नाय काय तुम्हाला. तो बोलायचा, तिथे मुकादमासाठी उचलतो, हितं माझ्यासाठी. दोन वर्षांत तो माझ्यापुढे गेला. जे वजन माझ्या छातीपर्यंत येईना ते तो डोक्यावर न्यायचा, आणि वर हसून विचारायचा, मास्तर, बरोबर ना.

पंच्याऐंशीतली गोष्ट. शिमग्याला चार दिवस होते, देवाची पालखी नाचवायला मुंबईची मंडळी आली होती, मांगराच्या दारात ही गर्दी. दत्ताराम दोन ट्रक भरून आला होता. बोलला, मास्तर, आज कंबर धरलीय, हलकं करतो. मी बोललो, मेल्या, यंदा पालखी नाचवणार आहेस की नुसता मागून चालणार. सगळे हसले. त्याने नेहमीचं वजन लावलं.

सातपर्यंत ठीक गेलं. आठवा त्याने वर नेला, कोपर ताठ, अगदी ताठ, मी समोर उभा होतो. आणि मी नऊ म्हणायच्या जागी पुन्हा आठ म्हणालो. आता तुम्ही विचाराल का. मुंबईची माणसं त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, एवढंच कारण. त्याने माझ्याकडे पाहिलं, बार खाली नेला, पुन्हा वर नेला. मी तिसऱ्यांदा आठ म्हणालो. तेव्हा तो वाकला तो बारवरच पडला, आणि त्याला उठता येईना.

रत्नागिरीच्या डॉक्टरने मणका सरकला म्हणून सांगितलं. तीन महिने पाठीवर. पुन्हा चिरा उचलला नाही त्याने, पालखीला खांदाही नाही. आता आंब्याच्या दिवसांत बागेत बसून पेट्या भरतो, बाकी घरीच.

शरीर दोन तऱ्हेने नको म्हणतं, हे मी तेव्हापासून विचार करत करत शिकलो. एक नको आळसाचं, घाबरण्याचं, ते ढकललं तर मागे सरतं. दुसरं आत कुठेतरी, हाडाच्या जवळून येतं, ते खरं. उचलणाऱ्याला दोन्ही वेगळी कळतात. बाहेर उभा राहून मोजणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि माझं लक्ष तर गर्दीकडेच होतं.

चार वर्षं मी लोकांना सांगत राहिलो, त्याचा तोल गेला. गेल्या दिवाळीत राहवेना, त्याच्या पडवीत जाऊन बसलो आणि सांगितलं, दत्ता, आठवा पुरा होता. तो बोलला, ठाऊक हाय मला. मी बोललो, मग परत का उचललास. तर बोलला, एवढ्या माणसांत तुला खोटा पाडू काय रे.

मला रडू आलं. त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, तुम्ही सांगून मोकळे झालात, भावजी, ह्यांना रोज सकाळी उठवायला मलाच हात द्यावा लागतो.

खरंच होतं तिचं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी जातो, शाळा उघडण्याआधी. मांगर चालूच आहे, तिथे आता प्रत्येक जण आपलं आपण मोजतो, पण ते राहू दे. मी त्याच्या खाटेशी उभा राहतो. तो कुशीवर होतो, कोपरावर भार घेतो, थांबतो, दम खातो. कधी आपला आपण उठून बसतो, कधी अर्ध्यावर राहतो. मी मोजत नाही, आणखी थोडं असंही म्हणत नाही. त्याने हात पुढे केला की धरायचा, त्याआधी नाही.