सीटखालची गोमुखी

तुम्ही हसाल, पण कॉलेजात असताना, नव्वदच्या दशकात, माझ्या सायकलची हत्यारं गोमुखीत असायची. जपाची माळ ओढायला हात आत घालतात ना, ती पिशवी. आमचं घर भिक्षुकाचं, आई गोमुख्या शिवून विकायची, त्यामुळे मला दुसरा आकार येतच नव्हता. देवळाली कॅम्पातून जाड खाकी कॅनव्हास आणलं, पिशवी शिवली, पाने आणि पंक्चरचं सामान भरलं आणि दिली सीटखाली टांगून.

काकांनी पाहिलं आणि भडकलेच. "गोमुखी? बुडाखाली? आत्ताच्या आत्ता काढ!"

"नाही काढणार."

"अगं, देवाचं नाव घ्यायची वस्तू ती!"

"काल घोटीहून येताना टायर बसला, तेव्हा आत हात घालून मीही देवाचंच नाव घेत होते."

"काढली नाहीस तर उद्यापासून सायकल बंद!"

"मग अजून एक शिवते. ती हँडलला लावते."

काका आईकडे वळले. "वहिनी, तुम्हीच सांगा हिला."

आईने ओले हात पदराला पुसले, पिशवी हातात घेतली, शिवण ओढून पाहिली आणि मला झापलं, "टीप सैल आहे. लोखंडाचं वजन असतं बये, दुहेरी मार. आणि दुसरी शिवशील, तिलाही."