फ्रिजमधलं तळं

धंतोलीच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. रुपरावांनी थकून डोळे मिटले, पण शेजारच्या मायलेकींचं बोलणं कानावर पडतच राहिलं.

“आई, फ्रिजमधली माझी हिरव्या पाण्याची बाटली सकाळी दिसली नाही.”

“ते सडकं पाणी? गोडनिंबाच्या कुंडीत टाकलं म्या. बाटली घासून फिल्टरचं भरून ठेवलं. काहून वं?”

“संशोधनाचं होतं ते. तळ्यातले बारीक जीव होते त्यात.”

“मंग तळ्यावरून दुसरं आन.”

“तळं बुजवलं, आई. मुरूम टाकून प्लॉट पाडून राहिले तिथं.”

“कधी?”

“झाला महिना.”



“मंग कुंडीतली माती नेऊन पाह्य. काही वाचलं असंन त्यात.”