शेजारी कोण झोपतं?

शेजारी कोण झोपतं? — हा काय प्रश्न झाला, भाऊ? वय विचारलंत, सांगितलं. वजन विचारलंत, दोन किलो कमी सांगितलं, तेही तुम्ही ओळखलंत. चहा किती पितो, टीव्हीसमोर बसल्या बसल्या मान पडते का, दिवसा डुलक्या येतात का — सगळं सांगितलं. आणि आता शेजारी कोण झोपतं! घोरण्याची तपासणी आहे की सोयरीक जुळवताय? राहू द्या ती जागा रिकामी. तुम्ही वायरी चिकटवायला घ्या, मी बोलतो. — बाप रे, गार आहे की हो हा डिंक! आणि केसांत कशाला लावता, उरलेत तेवढेच आहेत, सकाळी वायरीबरोबर तेही उपटून न्याल. आणि इतक्या लवकर झोपायचं? बाहेर अजून उजेड आहे. — बरं, बरं, तुमचा दवाखाना, तुमचं वेळापत्रक.

तर मुद्दा असा, की मी घोरत नाही. हसू नका. तेवढं लेखी घ्यायलाच आलोय मी इथे, आपल्या पायांनी, कुणी पाठवलेलं नाही. अहो, उभा जन्म पंख्यांच्या कारखान्यात काढलाय मी. पंखे बनवत नव्हतो, ऐकत होतो. शेवटचं टेबल माझं. पंखा समोर आला की बटण दाबायचं, डोळे मिटायचे आणि कान लावायचा — घर्र आलं की बेअरिंग खराब, टकटक आली की पातं वाकडं, बारीक शीळ आली की तेल नाही. काढा बाजूला! मॅनेजरसुद्धा हुज्जत घालायचा नाही. तर ज्याला दुसऱ्या खोलीतल्या पंख्याचं दुखणं इथे बसून कळतं, त्याला स्वतःच्या नाकाचा आवाज कळणार नाही? — झोपेत असतो म्हणून? अहो, तेच तर म्हणतोय मी! झोपेत मी असतो कुठे?

माझा धाकटा भाऊ कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. वर्गात पोरं झोपतात, पण माणूस हुशार. त्याला गाठलं. म्हटलं, बाबा रे, झोपेत माणूस स्वतः असतो की नसतो? तो चष्मा पुसत म्हणाला, दादा, गाढ झोपेत 'मी' असा कुणी उरतच नाही. म्हटलं, मग घोरणारा मी नव्हे ना? तर म्हणाला, तसं एकदम म्हणता येणार नाही, त्यावर तीन मतं आहेत. म्हटलं, मला एक पुरे, बाकीची दोन तू ठेव! धावत घरी आलो आणि हिला सांगितलं — ऐक, मी झोपेत नसतोच. ही कपडे वाळत घालत होती. तोंडातला चिमटाही न काढता म्हणाली, "हो का? मग माझं पांघरूण कोण ओढतं?" आता ह्यावर तत्त्वज्ञानात उत्तर नाही. भावाला विचारून आलो मी.

तुमच्या डॉक्टरीणबाईंचं आणखी निराळंच. घशात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, पडजीभ लोंबतेय, हवा आली की फडफडते, बाकी काही नाही. म्हणजे बघा, भावाच्या मते मी नाहीच आणि बाईंच्या मते मी एक पडजीभ. आणि लोकांना विचाराल तर विचारूच नका! वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई जिन्यात भेटल्या की म्हणतात, "काल स्वारी भलतीच जोरात होती." नवा पेपरवाला परवा खाली पत्ता विचारत होता, तर शेजारच्याने सांगितलं, ते घोरणारे ना, तिसरा मजला. पंख्यांचे तपासनीस नव्हे हो, घोरणारे! चार माणसं आपल्याला जे समजतात तेच आपण, असं म्हणायचं झालं तर माझा निकाल लागलाच की.

शेवटी हिने पुरावा गोळा करायचं ठरवलं. रात्री मोबाइल दोन उशांच्या मधे ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे वाजवलं. अहो, भयंकर! कुणीतरी लाकडी कपाट फरशीवरून फरफटत नेतंय असा आवाज. मी म्हटलं, छे, हा मी नव्हे, हा कुणी दुसराच गडी आहे. ही म्हणाली, "असेल, पण झोपतो तो तुमच्याच जागेवर." मी चहा संपवून उठलो. पण कान काही गप्प बसेना, भाऊ. दुपारी ही बाहेर पडली तसं मी पुन्हा लावलं. डोळे मिटून, कारखान्यात ऐकायचो तसं. आणि सापडलं! त्या घरघरीच्या मागे आणखी एक आवाज होता. बारीक. शीळ. एक यंत्र नव्हतं, दोन यंत्रं होती! फोन ठेवून बाईसाहेबही झोपी गेल्या होत्या, आणि स्वतःच लावलेल्या सापळ्यात स्वतःच. आता सांगा, असा पुरावा हाती आल्यावर माणूस काय करेल?

— छे, एकटी असताना कशाला सांगू? त्यात काय मजा? रविवारी जेवायला सगळे जमले होते. मुलगी, जावई, नातू, जावयांचे आईवडील. जेवणं होत आली तसा मी मोबाइल पाण्याच्या ग्लासला टेकवून उभा केला आणि लावलं मोठ्याने. म्हटलं मंडळी, हे घर्र म्हणजे मी, कबूल. आता मागची शीळ ऐका आणि कुणाची ते ओळखा पाहू! — कबूल म्हणालो का? हां, ते वादापुरतं. तुम्ही लिहू नका. — अहो, काय हशा पिकला! व्याह्यांना ठसका लागला. नातू ओठांचा चंबू करून आजीची नक्कल करत घरभर फिरला. जिंकलो हो मी! एवढ्या संसारात पहिल्यांदा जिंकलो. — हिने? हिने काय, ताटं उचलली. रागावली बिगावली नाही, अजिबात नाही. भांडी आवरली, ओटा पुसला आणि सोमवारी बहिणीकडे गेली. बहिणीला जरा बरं नाहीये म्हणून. — नाही हो, बहीण ठणठणीत आहे. परवा बाजारात दिसली मला, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन.

असं बघू नका माझ्याकडे. ती पट्टी बांधा छातीला. आवळा, अजून आवळा, मला काही होत नाही.

मजेत आहे मी. अख्खा पलंग माझा. कुणी कोपराने ढोसत नाही, कुणी टोमणे मारत नाही. घोळ एवढाच झालाय, की झोप लागत नाही. आणि लागली तरी मी घोरलो की नाही ते सांगणार कोण? सकाळी उठून उशीला विचारू? दिवसाचा मी सगळ्या गावाला माहीत आहे, भाऊ. पण रात्री माझ्या जागेवर जो गडी झोपतो त्याला नीट ओळखणारं माणूस एकच, आणि ते बसलंय बहिणीकडे. मी स्वतः तर त्याला कधी भेटलोही नाही. तुम्हाला गंमत वाटते, पण अंधार पडला की मला त्या गड्याची भीती वाटायला लागते. कोण आहे, काय करतो, काही पत्ता नाही.

मग झोपतो कसा? — सांगू? बाहेर बोलायचं नाही हं. तेच रेकॉर्डिंग लावतो. फोन तिच्या उशीवर ठेवतो. पुरावा म्हणून जपून ठेवलंय मी ते, उगाच गैरसमज नको — पण ती शीळ कानावर पडली की डोळा लागतो. आता इतकं पाठ झालंय की कुठे काय येतं सांगू शकेन. आणि परवा त्यात एक गंमत सापडली. माझी घरघर मधेच थांबते. एकदम. पंख्याचं बटण बंद केल्यासारखी. आणि भाऊ, तिची शीळही थांबते, त्याच क्षणी. मग अंथरूण सळसळतं, आणि ही म्हणते, "अहो, कुशीवर व्हा." इतक्या हळू आवाजात ही माझ्याशी दिवसा कधीच बोललेली नाही. मग एक धपाटा. मग मी मोठ्ठा श्वास घेतो आणि घर्र सुरू. जरा वेळाने शीळही सुरू. पुढे पुन्हा तेच — मी थांबतो, शीळ थांबते, "अहो, कुशीवर व्हा." रात्रभर! आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, की बाईला माझं घोरणं सोसत नाही म्हणून ढोसते. अहो, घोरत असतो तेव्हा तिने एकदाही ढोसलेलं नाही. सगळं ऐकून काढलं मी, एकदाही नाही. मी घोरतो तेव्हा ती खुशाल झोपते. मी थांबतो तेव्हाच —

काही नाही. ते नाकातलं नळकांडं टोचतंय. डोळ्याला पाणी त्यानेच आलंय, तुम्ही तुमचं काम करा.

तुम्ही रात्रभर त्या काचेमागे बसता ना? मी थांबलो की तुमच्या पडद्यावर दिसतं? आणि मग? आत येऊन काही म्हणता का पेशंटला? — नाही? नुसती नोंद करता? अरे वा, छान आहे!

तो मघाचा कागद काढा बघू. शेजारी कोण झोपतं — लिहा, बायको. नाही, थांबा. अर्धी झोपते असं लिहा. अर्धी माझ्यावर लक्ष ठेवून जागी असते. रकान्यात मावत नसेल तर बाजूला लिहा. आणि खाली नंबर आहे बघा, अडचणीला कुणाला कळवायचं तो — तिचाच दिलाय. मुलीचा देणार होतो, पण हात तिकडेच गेला. आता हीच अडचण समजा आणि सकाळी फोन लावा. म्हणा, बाई, यंत्र लावून पाहिलं, घोरणारा एकच निघाला, तुमचा नवरा. शीळ? ती पंख्याची होती म्हणा. पंख्याला तेल नव्हतं, तरी खुद्द तपासनीसाने पास केलाय म्हणा. — खोटं लिहिता येत नाही? अहो, लिहायला कोण सांगतंय, नुसतं बोला! आणि जाता जाता एवढं म्हणा, की ह्यांना कुशीवर व्हायला सांगेल असं आमच्याकडे कुणी नाही. मी सांगितलं म्हणू नका. म्हटलंत तरी चालेल.

— काय? यंत्र अजून चालूच केलं नाहीत? मग मघापासून ऐकत काय बसलात! चला, उठा, जा तुमच्या काचेमागे. दिवा घालवा. आणि जे निघेल ते हात राखून लिहू नका, चांगलं भरपूर लिहा. हा बघा, लागलोच मी घोरायला.