रूळ लगेच थांबत नाही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे सन्माननीय मालक, व्यासपीठावर बसलेल्या व्यवस्थापक बाई, इंजिनीअर साहेब, निवड विभागातल्या सगळ्या मावश्या, फाडखान्यातले माझे सोबती, पहिल्या रांगेतल्या माझ्या सासूबाई, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे उस्ताद, म्हणजे नात्यानं माझे सासरे, सर्वांना माझा नमस्कार.

मी फारसा शिकलेलो नाही. कारखान्यातले सूचनाफलक मी लिहितो, कारण माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत नाहीत. एवढीच माझी विद्या. आजचं भाषणही कागदावर लिहून आणलंय.

मघाशी अध्यक्षांनी फार सुंदर सांगितलं. मिश्र धाग्यांचे जुने कपडे, ज्यांत सूत आणि पॉलिस्टर एकत्र कातलेलं असतं, ते कोणालाच नको असतात. आपण ते ट्रक भरभरून घेतो, फाडतो, पिंजतो आणि शेजारच्या शेडमधल्या रसायनाच्या टाक्यांत सूत वेगळं, पॉलिस्टर वेगळं करतो. खरं आहे. पण ‘फाडतो’ हा शब्द व्यासपीठावरून फार मऊ ऐकू येतो. आमचा रूळ कोणी जवळून पाहिलाय का? माणसाच्या उंचीचा, अंगभर पोलादी दात. अलीकडून अख्खी जीन्स आत जाते, पलीकडून पिंजलेला कापूस पडतो. मधे काय होतं ते बघायला डोळा पुरत नाही.

त्या रुळासमोर उस्ताद आयुष्यभर उभे राहिले आणि आयुष्यभर त्यांनी आम्हाला मारलं. हसू नका. ज्याच्या कानाखाली उस्तादांची बोटं उठली नाहीत, त्यानं हात वर करावा. बघा, एकही नाही. इंजिनीअर साहेब, तुम्हीसुद्धा खालीच ठेवलात.

लग्नानंतर मी इथं कामाला लागलो. रुळात अडकलेली चिंधी ओढायला वाकलो, तर मागून अशी बसली की डोळ्यांपुढे अंधार आला.

“अहो, जावई आहे मी तुमचा!” मी म्हणालो.

“म्हणून एकच दिली,” उस्ताद म्हणाले. “स्विच दाबलं म्हणजे थांबलं, असं नसतं जावईबापू. रूळ लगेच थांबत नाही.”

सुजलेला गाल घेऊन मी सासुरवाडीला जेवायला गेलो. सासूबाईंनी काही न विचारता भाकरीऐवजी मऊ भात वाढला. सवय असणार.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अध्यक्ष महाराज, वेळ संपली तरी घंटी वाजवू नये ही विनंती, मी दचकतो.

माझे मेहुणे, उस्तादांचे एकुलते एक चिरंजीव, फाडखान्याचे सुपरवायझर होते. अपघात झाला त्या दिवशी सगळा माल स्ट्रेचचा, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा होता. स्ट्रेच तुटत नाही, नुसता ताणला जातो आणि रुळाला गुंडाळत जातो. तो सारखा कापून काढावा लागतो. रुळापुढची जाळी आड येत होती. वरून माल काढायची घाई होती. मेहुण्यांनी जाळी काढायला लावली. उस्तादांनी ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर लेकाच्या थोबाडीत ठेवून दिल्या.

मेहुण्यांच्या नाकातून रक्त आलं. “घरी बाप असाल! इथं मी सुपरवायझर आहे. जाळी लागणार नाही. बघा, हा स्ट्रेच मीच कापून दाखवतो.”

चाकू घेऊन ते वाकले. स्ट्रेचची पट्टी उजव्या मनगटाला गुंडाळली गेली.

पुढचं सासूबाईंसमोर सांगावं का, याचा मी पुष्कळ विचार केला. काल त्याच म्हणाल्या, “सांगा एकदाचं.” तर सांगतो. बोटं गेली, पंजा गेला. मेहुणे ओरडत होते, पण रुळाच्या आवाजात ते ओरडणंही फाटून येत होतं. फिटरनं झेप घेऊन स्विच दाबलं. मोटारीचा आवाज बंद झाला. आणि त्यानंतर, हे नीट ऐका, त्यानंतर उस्तादांनी गासड्यांच्या पट्ट्या तोडायची कुऱ्हाड उचलली आणि कोपराखाली एकच घाव घातला. मेहुणे मागं कोसळले. हात तिकडंच राहिला. पलीकडं पडणारा कापूस लाल पडत राहिला.

दवाखान्यात शुद्ध आल्यावर मेहुणे म्हणाले, “मशीन बंद झालं होतं. मी कानांनी ऐकलं. यांना राग आला म्हणून यांनी तोडला.”

उस्ताद उठून बाहेर गेले. ज्यानं जन्मभर हातानं उत्तरं दिली, त्याला तोंडानं कुठून सुचणार?

तेव्हापासून त्या घरात बाप-लेक बोलत नाहीत. मेहुण्यांनी आईला बजावलं, यांची नोकरी संपली की एका छपराखाली राहायचं नाही. उद्या सकाळी उस्ताद कायमचे आमच्याकडे येणार. आनंदानं यावं, आमची ना नाही. पण माझी बायको रोज विचारते, “बाबांनी खरंच रागानं तोडला का हो?” मी अंदाजानं उत्तर देणारा माणूस नाही. शंका असलेला शब्द मी फलकावरसुद्धा लिहीत नाही.

म्हणून परवा जेवणाच्या सुट्टीत, मालकांना न विचारता, त्याबद्दल क्षमा असावी, मी आणि फिटरनं जाळी उघडली. माझा एक शर्ट चिंध्यांनी ठासून भरला, बाहीला स्ट्रेचची पट्टी बांधली आणि काठीनं पट्टी फिरत्या रुळावर टाकली. बाही ओढली गेली त्याच क्षणी फिटरनं स्विच दाबलं. मोटार बंद झाली. रूळ आपल्या वेगात फिरतच राहिला. त्यानं कोपर नेलं. खांदा नेला. कॉलर नेली, जिथं मान असते. दुसरी बाही अर्धी आत गेल्यावर थांबला.

फिटरनं उरलेली अर्धी बाही रुळातून सोडवली. “जावईबापू, हे त्यांना कोण सांगणार?”

मी सांगतोय. मेहुणे, तुम्ही दाराशी उभे आहात, मला दिसताय. उस्तादांना राग नव्हता असं मी म्हणणार नाही. मी चेहरा पाहिलाय, तो मारणाऱ्याचाच होता. पण रागाचा घाव कुठंही बसतो. हा घाव दातांच्या बोटभर मागं बसला. हात किती गेला ते तुम्ही रोज बघता. माणूस किती उरला तेही बघा.

मेहुणे पुढं येताहेत. बंधूंनो, वाट द्या. बाई, तो पुष्पगुच्छ जरा बाजूला घ्या. अध्यक्ष महाराज, कृपया बसून घ्या, हे घरचं आहे...

मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगतो. मेहुण्यांनी उस्तादांच्या थोबाडीत मारली. डाव्या हातानं. कोणी मधे पडू नका! सासूबाई, तुम्हीसुद्धा नाही. उस्ताद काहीतरी म्हणताहेत. “डावा चांगला तयार झालाय,” असं म्हणताहेत.

आणि मेहुणे म्हणताहेत, “उद्या कुठं जायचं नाही. कळलं का?”

मला बोलायला उभं केलंत त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. उच्चार चुकले असतील तर सांभाळून घ्या, कागदावर ते बरोबर आहेत. कोणाचं मन दुखावलं असेल तर चूक पदरात घ्या. टाळ्या मात्र एवढ्यात नकोत. ते दोघं अजून बोलताहेत.