दुसऱ्या व्हायोलिनांची शेवटची जोडी

शहाण्णव सालची गोष्ट. वाशीच्या बसथांब्यावर पिंटो व्हायोलिनची पेटी सांभाळत रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे मार्केटातले दोन माथाडी बोलत होते.

"आप्पा, तुमच्या पोरीला, ज्ञानेश्वरीला, ऑर्केस्ट्रात कुठं बसवलं?"

"दुसऱ्या व्हायोलिनांत. आठजण पहिल्यांत, आठजण दुसऱ्यांत. ही दुसऱ्यांत, शेवटच्या जोडीला."

"म्हंजी पार मागं?"

"मागं काय? पहिली सूर मिरवत्यात, दुसरी त्याला खालनं उचलून धरत्यात. पोतं नेणारा समद्यांना दिसतो. पर त्याच्या पाठीवर चढवून कोण देतं?"

"आपणच की!"

"आन् जोडीतल्या दोघींत सुरांचा कागद एकच. आतल्या खुर्चीवालीनं पान उलटायचं, म्हंजी हिनं."

"मग तेवढं हिचं वाजवायचं ऱ्हातंय की."

"ऱ्हाऊ दे. हिनं पान नाही उलटलं, तर दोघी गप!"

मग आप्पांचं लक्ष मागच्या पेटीकडे गेलं.

"काका, तुमी बी वाजवता? पहिल्यांत का दुसऱ्यांत?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर पिंटो ताठ मानेनं देत आले होते.

"पहिल्यांत," ते हळूच म्हणाले.

आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या, काका. पुढं बी कुणीतरी बसाय पायजेच की."